बिनकाट्यांची बोर

गेल्या हिवाळ्यात आम्ही सातवी-आठवीच्या मुलामुलींना खर्ड्याचा किल्ला दाखवायला नेले होते. आमची शाळा खर्ड्यापासून फार दूर नाही. जामखेड तालुक्याचा हा सगळा मुलूख कमी पावसाचा, माळरानाचा. वाटेत रानबोरीची झुडपे लागली आणि आमची रांग मोडली. मुलेच ती. बोरे दिसल्यावर इतिहास कोण बघतो? अर्ध्या तासाने सगळ्यांचे खिसे भरले आणि सगळ्यांच्या हातांवर ओरखडे उठले. आठवीतली एक मुलगी बोटावरचा रक्ताचा थेंब चोखत आमच्याकडे आली आणि म्हणाली, "सर, जन्नतमधल्या बोरीला काटे नसतात ना? मग अल्लाहने इथल्याच बोरीला काटे का दिले?"

मक्तबमध्ये तिने सूरह वाकिआचा तर्जुमा नुकताच वाचलेला होता. आम्ही म्हटले, उद्या सांगतो.

किल्ल्यात पोचलो. आम्ही १७९५ च्या लढाईची माहिती सांगू लागलो, तेव्हा एका मुलाने विचारले, "सर, या लढाईत आपण कोणत्या बाजूला होतो?"

त्यालाही आम्ही म्हटले, उद्या सांगतो. मुलांच्या प्रश्नाला असे उत्तर देऊ नये, असे बी.एड.ला शिकवतात. आम्ही एका दिवसात दोनदा दिले. हा लेख म्हणजे ते लांबलेले उत्तर आहे. लिहिताना आमच्या लक्षात आले की प्रश्न दोन नव्हतेच, एकच होता. काटा कशासाठी असतो आणि तो कुठवर योग्य असतो, हा तो प्रश्न.

आधी बोरीविषयी. रानबोर हे गुडघा-कमरेएवढे झुडूप. खडकाळ जमिनीत मूळ खोल जाते, म्हणून दुष्काळातही ते तगते. पान लहान, वरून हिरवे आणि खालून पांढुरके, लवदार. फळ वाटाण्याहून थोडे मोठे. आंबटगोड गर थोडा आणि बी मोठी. प्रत्येक पानाच्या बुडाशी काट्यांची जोडी असते. त्यातला एक काटा सरळ आणि दुसरा आत वळलेला. सरळ काटा पुढे जाणाऱ्या हाताला टोचतो, वाकडा काटा मागे येणाऱ्या हाताला धरून ठेवतो. ज्यांनी लहानपणी बोरे तोडली आहेत, त्यांना हे पुस्तकात वाचावे लागत नाही.

या झाडाशी आपले नाते जन्मापासून मरणापर्यंतचे आहे. संक्रांतीच्या दिवसांत शेजारच्या हिंदू घरात बाळाचे बोरन्हाण असते. चुरमुरे, हलवा, उसाचे कर्वे आणि बोरे बाळाच्या डोक्यावरून ओततात आणि गल्लीतली सगळी पोरे ती वेचायला धावतात. त्या गर्दीत आम्हीही होतो आणि कोणी आमची जात विचारल्याचे आठवत नाही. आणि आपल्या घरात मय्यत झाली की मध्यरात्रीही कोणीतरी बोरीचा पाला आणायला जातो. त्या पाल्याच्या पाण्याने गुस्ल होते. हुजूर सल्लल्लाहु अलैहि व सल्लम यांच्या साहेबजादीचे निधन झाले तेव्हा पाणी आणि बोरीच्या पाल्याने त्यांना गुस्ल देण्यास सांगितले गेले, हे हदीसमध्ये आले आहे. तेव्हापासून ही रीत चालत आली. एका घरात जीवन सुरू होताना ज्या झाडाचे फळ लागते, त्याच झाडाचा पाला दुसऱ्या घरात जीवन संपताना लागतो. ज्या गावच्या बोरी त्याच गावच्या बाभळी, ही म्हण आपण एकमेकांची खोड काढण्यासाठी वापरतो. पण तिच्यात एक साधे सत्यही आहे. एका मातीत वाढलेल्यांना एकमेकांची ओळख पुसता येत नाही.

कुरआन शरीफमध्ये बोर, म्हणजे 'सिद्र', तीन सुरतांमध्ये आली आहे. अरबस्तानातली बोर आणि आपली बोर या एकाच कुळातल्या बहिणी. सूरह सबामध्ये नाशुक्री करणाऱ्या लोकांच्या हिरव्या बागा जाऊन त्यांच्या जागी जी झाडे उरली, त्यांत थोड्या बोरी आहेत. सूरह नज्ममध्ये जिथे सृष्टीची सीमा संपते, तिथे बोर आहे, सिद्रतुल मुन्तहा. आणि सूरह वाकिआमध्ये उजव्या बाजूच्या लोकांसाठी जी जन्नत आहे, तिथे बिनकाट्यांची बोर आहे. म्हणजे उजाड रानातही बोर आहे आणि जन्नतमध्येही बोरच आहे. फरक काट्याचा आहे. आमच्या विद्यार्थिनीने नेमके त्यावर बोट ठेवले होते, आणि तेही रक्त आलेले बोट.

मग काटा हा दोष आहे काय? वनस्पतिशास्त्र तसे मानत नाही. माळावर शेळ्या असतात. ज्या झुडपाचा पाला गोड, त्याला काटे नसतील तर ते बी धरेपर्यंत जगणार नाही. केनियामध्ये बाभळीच्या एका जातीवर प्रयोग झाले आहेत. हत्ती-जिराफांसारखी मोठी जनावरे कुंपण घालून दूर ठेवली, तेव्हा काही वर्षांत त्या झाडांच्या नव्या फांद्यांवर काटे आखूड येऊ लागले. ही गोष्ट आम्हाला फार विचार करण्यासारखी वाटते. काटा हा झाडाचा स्वभाव आहे खरा, पण त्याची लांबी झाड एकटे ठरवत नाही. कोण किती ओरबाडतो, यावरही ती ठरते. तेव्हा एखाद्या झाडाचे काटे लांब दिसले, तर झाडाला दूषण देण्यापूर्वी आसपासच्या खुरांच्या खुणा पाहाव्यात.

काट्याचे आणखी एक काम आहे. दूर दक्षिणेला, न्यूझीलंडच्या थंड प्रदेशात ब्लॅकबेरी-रास्पबेरीच्या कुळातल्या काही रानवेली होतात. काही जमिनीलगत पसरणाऱ्या, काही झाडांवर चढणाऱ्या. चढणाऱ्या वेलींच्या देठांवर मागे वळलेले आकड्यासारखे काटे असतात. एकदा कपड्यात अडकले की सुटत नाहीत, म्हणून तिथले लोक त्यांना 'रानातला वकील' म्हणतात. आमच्या वकील मित्रांनी क्षमा करावी! पण त्या वेलीचे काटे मुख्यतः कोणाला टोचण्यासाठी नसतात. दाट रानात उजेडापर्यंत पोचायचे तर कशाला तरी धरावे लागते. ज्यांचे खोड बारीक, त्यांनी आधार कसा धरायचा? त्या वेली काट्यांनी धरतात.

म्हणजे काटा दोन कारणांनी येतो. खाल्ले जाऊ नये म्हणून आणि उजेडाकडे चढता यावे म्हणून. आपली भाषा, आपली नमाज, आपले सण, आपल्या शाळा, आपला स्वाभिमान या गोष्टी कोणाला टोचत असतील, तर त्यामागे ही दोन कारणे असू शकतात. त्यात लाजण्यासारखे काही नाही. दुबळ्याला "तू आपले काटे काढून टाक" असा उपदेश करणे सोपे असते. तो उपदेश बहुधा शेळ्यांच्या बाजूने केलेला असतो.

येथवर बोरीची बाजू झाली. पण गोष्ट येथे संपत नाही. माळावरच्या बोरीचे काटे आणि शेताच्या बांधावरचे काटे यांत फरक आहे. शेतकरी बोराटी तोडतो, तिच्या फांद्या एकावर एक रचतो आणि पिकाभोवती कुपाटी घालतो. त्याची गरज आम्हाला मान्य आहे. कुपाटी नसेल तर जोंधळा घरी येणार नाही. पण तोडलेल्या काट्याचे काय होते ते पाहा. जिवंत फांदीवर काट्याशेजारी पान असते, फूल असते, फळ असते. काटा चुकवून हात घातला तर बोर मिळते. पाखराला तर काटा अडवतच नाही. तोडलेल्या फांदीचे पान गळते, फळ सुकते आणि काटा तेवढा उरतो, अधिक कडक होऊन. तो कोणाला ओळखत नाही. वाऱ्याने कुपाटीतली एखादी फांदी पायवाटेवर आली की ती चोरालाही टोचते, पाहुण्यालाही टोचते आणि मालकाच्या अनवाणी पोरालाही टोचते.

आमच्या मते नैतिक प्रश्न काटा असावा की नसावा हा नाहीच. काटा फांदीवर आहे की फांदीपासून तुटलेला आहे, हा प्रश्न आहे. ज्या काट्याच्या मागे जिवंत, फळ देणारे काही आहे, तो रक्षण करतो. ज्याच्या मागे काही उरले नाही, तो नुसता टोचतो.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येतो. आपण कोणत्या बाजूला होतो?

११ मार्च १७९५ रोजी खर्ड्याजवळ मराठे आणि निजाम अली खान यांची गाठ पडली. भांडण चौथाई-सरदेशमुखीच्या थकलेल्या बाकीचे होते. सवाई माधवराव पेशवे होते, कारभार नाना फडणविसांच्या हाती होता. निजाम मागे हटून खर्ड्याच्या किल्ल्यात शिरला, कोंडला गेला आणि शेवटी त्याने तह केला. दौलताबादचा किल्ला व मुलूख द्यावा लागला, मोठी रक्कम कबूल करावी लागली आणि त्याचा दिवाण मुशीरुल्मुल्क पुण्याला ओलीस गेला. एवढे पाठ्यपुस्तकी उत्तर. आता जवळून पाहा. निजामाने ज्या किल्ल्याचा आसरा घेतला, तो किल्ला बांधणारे निंबाळकर मराठा सरदार होते आणि निजामाच्या पदरी होते. पेशव्यांच्या बाजूने लढणाऱ्या शिंद्यांच्या कवायती पलटणींत मुसलमान शिपाई होते. त्या पलटणींवर पेराँ नावाचा फ्रेंच होता आणि निजामाच्या पलटणींवर रेमाँ नावाचा दुसरा फ्रेंच. तेव्हा "आपण" कोणत्या बाजूला होतो? दोन्ही बाजूंना होतो. ज्याने ज्याचे मीठ खाल्ले, तो त्याच्यासाठी मेला. त्या वर्षी ऑक्टोबरात सवाई माधवराव गेले. १७९८ मध्ये निजामाने इंग्रजांची तैनाती फौज पत्करली, १८०२ मध्ये वसईच्या तहाने पेशव्यांनीही तेच केले. जिंकणारा आणि हरणारा चार वर्षांच्या अंतराने एकाच दारात उभे राहिले.

ही लढाई तिच्या काळात जिवंत काटा होती. तिच्यामागे महसूल होता, मुलूख होता, राज्य टिकवण्याची धडपड होती. आज ते राज्यही नाही आणि ती बाकीही नाही. तरीही कोणी ती फांदी उचलून शाळेच्या वाटेवर टाकतो आणि तेरा वर्षांच्या पोराला वाटते की दोनशे वर्षांपूर्वीच्या लढाईत त्याला बाजू निवडायची आहे. त्याच्या वर्गातल्या मराठा मित्रालाही हेच वाटत असेल. इतिहास शिकवावा, जरूर शिकवावा. पण झाडासकट शिकवावा, तोडलेला काटा हातात देऊ नये.

खर्ड्यात उभे राहून केवळ १७९५ ची आठवण काढणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. २८ एप्रिल २०१४ रोजी याच गावात शाळेत जाणाऱ्या एका दलित मुलाचा खून झाला. वरच्या म्हणवणाऱ्या जातीतल्या मुलीशी तो बोलला, एवढ्यावरून त्याला मारले, असा आरोप होता. खटला चालला, बरेच साक्षीदार उलटले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये न्यायालयाने सगळ्या आरोपींना निर्दोष सोडले. कोणी मारले, हे कायद्याच्या दृष्टीने ठरले नाही. पण एक मुलगा मेला, हे ठरलेले आहे. 'अब्रू' नावाची कुपाटी आपल्या सगळ्या जातीजमातींनी घातली आहे. कधीकाळी तिच्यामागे लेकीबाळींच्या काळजीचे झाड असेल. तोडलेला काटा मात्र असाच असतो, तो कोणाची काळजी करत नाही. आणि जे साक्षीदार उलटले, त्यांनीही आपापल्या घराभोवती भीतीची एक कुपाटीच ओढून घेतली, असे म्हणावे लागेल.

दुसऱ्याच्या बांधावर बोट दाखवणे सोपे. म्हणून आपल्या बांधाकडे येतो. ज्या मुलीने आम्हाला प्रश्न विचारला, तिची आठवी मार्चमध्ये संपत होती. आमच्या गावात पुढे उर्दूची सोय नाही. नववीला एसटीने तालुक्याला जावे लागते. वडिलांनी शाळा बंद करायचे ठरवले, असे कळले. आम्ही घरी गेलो. चहा झाला. ते म्हणाले, "जमाना खराब है सर. बाड नहीं लगाई तो खेत बचता क्या?"

ते वाईट गृहस्थ नाहीत. मजुरी करून लेकीला आठवीपर्यंत त्यांनीच शिकवले. त्यांची भीतीही खोटी नाही. रस्त्यावर काय चालते, ते आम्हीही पाहतो. तेव्हा इल्म मर्द-औरत दोघांवर फर्ज आहे, वगैरे जे आपण जलशात बोलतो, ते त्यांच्यापुढे बोलायला आमची जीभ वळेना. आम्ही त्यांना बोरीचीच गोष्ट सांगितली. म्हटले, भाई, बाड जरूर असावी, पण रोपाला त्याचा काटाही येऊ द्यायला हवा. बाहेरची कुपाटी तुम्ही किती दिवस बदलत राहणार? पोरगी शिकली, चार माणसांत बोलायला लागली, आपले नाव स्वतः लिहून सही करायला लागली, तर तो तिच्या फांदीवरचा काटा होईल. तो तुमच्यामागेही तिच्याजवळ राहील. आणि ज्या दिवशी कुपाटीमुळे रोपालाच ऊन मिळेनासे होते, त्या दिवशी ती कुपाटी शेळीचेच काम करते.

ते हसले. म्हणाले, "आप उस्ताद लोग, बातां में कोन जितेगा." मग थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "एक साल देखते."

आम्हाला वाटते, काटा पारखण्याची काही साधी मापे आपल्या दीनमध्येच आहेत. वाटेत पडलेली काटेरी फांदी एकाने बाजूला केली आणि एवढ्यावर अल्लाहने त्याला माफ केले, ही हदीस बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे. वाटेवरचा त्रास दूर करणे ही ईमानची सर्वांत खालची पायरी सांगितली आहे. आणि जी पायरी खालची, तिच्यावर पाय न देता वर जाता येत नाही. दुसरीकडे, बोरीचे झाड तोडणाऱ्याला जहन्नमचा इशारा देणारी एक हदीस अबू दाऊद यांच्या संग्रहात आहे. खुद्द अबू दाऊद यांनी तिचा खुलासा केला आहे की मुसाफिर आणि जनावरे जिच्या सावलीला बसतात, अशी रानातली बोर जो नाहक तोडतो, त्याच्याबद्दल हे आहे. दोन्ही हदीस शेजारी ठेवून पाहा. काटेरी झाड तोडू नका आणि काटेरी फांदी वाटेवरून उचला. यात विरोध नाही. जिवंत काट्याला अभय आहे आणि तुटलेल्या काट्याला वाटेवर जागा नाही.

काटा टोचून घेण्याबद्दलही सांगितले आहे. मोमिनाला एक काटा टोचला तरी त्याच्या बदल्यात त्याची खता माफ होते. म्हणजे ज्याला टोचते त्याचे दुःख वाया जात नाही. पण याचा अर्थ टोचणाऱ्याला सवलत मिळाली, असा कोणी काढू नये.

आता त्या मुलीचे उत्तर. जन्नतच्या बोरीला काटे का नाहीत? आम्हाला वाटते, तिथे बोर बदललेली नाही, तिथला माळ बदललेला आहे. तिथे तिला ओरबाडणारे कोणी नाही, म्हणून राखायची भीती नाही. आणि उजेड सगळीकडे आहे, म्हणून कशाला धरून चढायची गरज नाही. सूरह वाकिआमधल्या त्या शब्दाचे मुफस्सिरांनी दोन अर्थ दिले आहेत. एक, काटे काढलेली. दुसरा, फळांच्या भाराने लवलेली. हे दोन अर्थ आम्हाला आता वेगळे वाटत नाहीत. भीती गेली की झाडाची जी ताकद काट्यात जात होती, ती फळात जाते.

त्यामुळे बोरीला "काटे टाक" म्हणून भागणार नाही. शेजारच्या बोरीलाही नाही आणि आपल्या बोरीलाही नाही. आपल्या हाती एवढेच आहे की ज्या माळावर आपण राहतो, तिथली भीती आपल्या वाट्यापुरती कमी करावी. आपली शेळी दुसऱ्याच्या झुडपात सोडू नये. आणि आपल्या कुपाटीतली फांदी वाटेवर गेली असेल, तर दुसऱ्या कोणी उचलण्याआधी आपण उचलावी.

जूनपासून ती मुलगी एसटीने शाळेत जाते. पहिले आठ दिवस वडील थांब्यापर्यंत सोडायला यायचे. आता ती आणि आणखी दोघी मिळून जातात. परवा भेटली तेव्हा तिने आठवण करून दिली, "सर, तुम्ही उद्या सांगतो म्हणाला होता."

आम्ही तिला हा लेख छापून आल्यावर द्यायचे कबूल केले आहे.